न खेळता दिलेले तीन स्टार

कोथरूडच्या बसथांब्यावर मैनाबाईंच्या पुढे गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं अडकवलेली दोघं हुज्जत घालत होती. मैनाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कान टवकारले.

"तनुजा, माझ्या दादाच्या डिस्क गोल्फच्या मैदानाला तू तीनच स्टार दिलेस? काल जेवला नाही तो."

"जेवेल."

"तू तिथे एक तरी चकती फेकलीस का?"

"नाही."

"मग रिव्ह्यू कसला लिहितेस? आधी खेळावं लागतं."

"विक्रम, चकती कुठे टाकायची असते?"

"साखळ्यांच्या टोपलीत."

"तू कुठे टाकलीस?"

"वारा होता."

"एक बाभळीत, एक ओढ्यात, एक गोठ्यात म्हशीपुढे. शोधून कोणी आणल्या?"

"तू."

"मग मैदान कोणी पाहिलं, तू का मी?"

"बरं. पण तीनच का?"

"गोठ्यात वहिनींनी चहा दिला म्हणून तीन. एकच देणार होते."

बस आली. मैनाबाईंचीच होती. त्यांनी ती जाऊ दिली.

"रविवारी परत येशील?"

"येईन. पण मी फेकणार, तू शोधायचं."

"आणि रिव्ह्यू?"

"तो तू लिही. तोवर तुला मैदान कळलेलं असेल."