पट्ट्याचे सहावे भोक

नाव: नोंदवहीप्रमाणे (गल्लीत सगळे 'बकलमावशी' म्हणतात). वय: ५९ वर्षे. धंदा: बायकांची जुनी पादत्राणे दुरुस्त करून विकणे व ती कोणत्या काळातली ते सांगणे. राहणार: दुकानाच्याच माडीवर.

समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी यजमानांसह राहते. यजमान, वय ६१, घड्याळे दुरुस्त करतात. सध्या ते बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना आत बोलावण्याची गरज नाही.

माझ्या दुकानातील काचेच्या कपाटात विटकरी रंगाच्या सँडलचा एक जोड असे. तो विकायचा नव्हता. पहिल्या पगारातून मी तो नवा घेतला होता, आणि यजमानांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या पायात तोच होता. मागच्या गुरुवारी कपाट पुसताना तो जागेवर दिसला नाही. आदल्या दिवशी समोरच्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानाच्या बाई हातआरसा मागायला आल्या होत्या. मी आरसा आणायला माडीवर गेले होते. एवढेच सांगते, संशय घेत नाही.

आज सकाळी अकराच्या सुमारास जुन्या वस्तूंचे प्रदर्शन पाहायला सभागृहात गेले असता त्याच बाईंच्या टेबलावर तो जोड दिसला. शेजारी कार्ड होते: 'आईच्या लग्नातल्या सँडल, पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या.' चोरी मी एक वेळ गिळली असती, ते कार्ड मात्र घशाखाली उतरेना. मी पर्समधून पेन्सिल काढून 'पंचाहत्तर' खोडले व 'अठ्ठेचाळीस' लिहिले. बाईंनी माझा हात धरला, मी त्यांची बाही धरली, आणि तिथल्या रखवालदाराने आम्हा दोघींना जोडासकट इथे आणून सोडले. बाही आधीच उसवलेली होती.

ठाणे अंमलदार साहेबांनी जोड टेबलावर ठेवून, काळ कशावरून सांगता, असे विचारले. जाड तळ आणि घोट्याला पट्टा ही धाटणी दोनदा आली, एकदा बाईंच्या आईच्या तरुणपणी आणि पुन्हा माझ्या. वरवर पाहणारा हमखास फसतो. आईच्या वेळची टाच बहुधा लाकडी, तळ चामड्याचा आणि शिवलेला. या जोडाची टाच एके ठिकाणी खरचटली आहे, तिथे आत प्लास्टिक दिसते. तळ चिकटवलेला आहे, आतल्या गादीत स्पंज आहे. शिवाय पुढचा तळ जेमतेम बोटभर जाड आणि टाच बारीक होत चाललेली, म्हणजे जाड तळांची हौस फिटत आली होती तेव्हाचा. साहेबांनी टाच नखाने खरवडून पाहिली व त्यांना पटले. मग ते टेबलाखाली वाकून स्वतःच्या बुटाची टाचही पाहू लागले.

मालकीची खूण म्हणून मी सांगितले, की डाव्या पट्ट्याला पाचऐवजी सहा भोके आहेत. सहावे मी खिळ्याने पाडले, माझा घोटा तेव्हा बारीक होता. साहेबांनी मोजली. सहा भरली.

यावर समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मावशींचं वय एकोणसाठ, त्यांनीच आत्ता सांगितलंय. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्या अकरा वर्षांच्या होत्या. अकराव्या वर्षी कसला पगार आणि कसली टाच?"

मी पाणी मागितले. बाई गालातल्या गालात हसत होत्या. जोड चाळीस वर्षांपूर्वीचा म्हटला असता तर सगळे जमून गेले असते, आणि साहेबांनीही मला तशी वाट करून दिली.

"मावशी, सात-आठ वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात ना?"

मी म्हणाले, "बुटांच्या बाबतीत नाही."

लग्न ठरताना मी वय कमी सांगितले होते. यजमान माझ्याहून लहान होते आणि मला फार आवडले होते, हातचे जातील अशी भीती वाटली. पस्तीस वर्षांत ती भीती पुरती गेलेली नाही. पण जोडाचे वय खोटे सांगून तो घरी न्यायचा, हे माझ्याने होणार नाही. तरी वरील ५९ खोडून ६६ करावे. यजमानांना कळवू नये.

एवढे सांगून झाल्यावर समोरच्या बाईंना आठवले, की जोड त्यांच्याकडून आरशाबरोबर चुकून उचलला गेला. आरसाही अजून त्यांच्याकडेच आहे.

हा जबाब लेखनिकांनी मला वाचून दाखवला. हळू वाचा म्हणून मी विनवले होते, पण त्यांचा आवाजच खणखणीत आहे. मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

लेखनिकाची नोंद: वाचन चालू असता बाकावरचे यजमान उठून दारात आले व म्हणाले, "सहासष्ट नाही, सदुसष्ट लिहा. मागच्याच महिन्यात झाली." त्याप्रमाणे आकडा पुन्हा दुरुस्त करून जबाब देणारीस विचारले. तिने बराच वेळ सँडलच्या जोडाकडे पाहिले, मग 'बरोबर आहे' असे सांगून सही केली.