दुसऱ्या बाजूचं हसणं

— नाही नाही, खोकं नंतर बांधा, शुभंकर. शुभंकरच ना? कल्याणी, माझी मुलगी, फोनवर तेच नाव म्हणाली होती. जाहिरात तिनेच टाकली — ‘वडिलांच्या रेकॉर्ड देणे आहेत’ — वडीलही देणे आहेत असं लिहिलं असतं तरी चाललं असतं, संध्याकाळी मला न्यायला येतेच आहे ती. खराडीला. कायमचं. बसा हो. शनिवार पेठेतून कात्रजपर्यंत एवढ्या उन्हात आलात, तर आणखी थोडं बसा. फक्त माझ्याकडे तोंड करून बोला. हे कानातलं यंत्र शिट्टी जास्त मारतं, ऐकवतं कमी.

आत्ता ही छोटी रेकॉर्ड, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, उजेडात धरून पाहिलीत ना तुम्ही — पहिली बाजू करडी पडलेली, दुसरी नव्यासारखी चमकतेय — आणि तुमच्या चेहऱ्यावर आलं, की सरांनी फसवलं. अहो, सगळ्या अशाच आहेत. मी घेतल्याच मांडववाल्यांकडून, लाउडस्पीकरवाल्यांकडून. ते लोक लग्नभर एकच गाणं वाजवायचे, पहिल्या बाजूचं, रेघा झिजेपर्यंत. उलटून बघायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. आणि मला हवी असायची दुसरी बाजू. का? पहिली बाजू कंपनीची असते, दुसरी गाणाऱ्याची. पहिल्या बाजूला काय खपेल ते ठरवायला चार माणसं बसतात. दुसरीला काय, मागे काहीतरी भरायला हवं ना, म्हणून काहीही. त्या काहीहीत काय काय सापडलंय मला! एका विनोदी गाण्याच्या पाठीवर कुणा बाईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्यात, साथीला नुसता टाळ — ती श्वास घ्यायला थांबते, तर टाळही थांबतो. एका बँडच्या धूमधडाक्यामागे क्लॅरिनेटवाल्याने एकट्याने पाळणा वाजवलाय, शेवटी सूर किंचित घसरतो, म्हणून तर आवडतो. मी हे कॉलेजात बोललो तर सहकारी म्हणाले, सर, संख्याशास्त्र शिकवता आणि अपवादांच्या प्रेमात पडता. बरोबर असेल त्यांचं. मला माझ्या कुठल्याच मताची खात्री नसते — एवढं शिकून हेच कमावलं.

ही मात्र द्यायची नाही. म्हणजे — तुम्ही ऐकून सांगा, मग ठरवू. यात माझी बायको आहे. हिरा. छे, लेबलवर नाव कुठलं असायला. ‘आणि सहकारी’ लिहिलंय ना, त्यात. कोरसला तीन मुली होत्या, त्यातली एक. लग्नाआधीची गोष्ट. पहिल्या बाजूला नवरदेवाच्या घोड्याचं गाणं — आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतसुद्धा वाजायचं, काही संबंध नसताना! — आणि मागे पाण्याला निघालेल्या बायकांचं. स्टुडिओचा नियम असा, की गाणं संपलं तरी तांबडा दिवा विझेपर्यंत कुणी श्वाससुद्धा सोडायचा नाही. हिराला तेवढं कुठलं जमायला! हसली. पुन्हा म्हणतो, म्हणाल्या मुली, तर कंपनीचा मालक म्हणाला, राहू दे, मागची बाजू कोण ऐकतंय. तीच सांगायची मला हे, भाकरी थापता थापता, आणि परत हसायची.

मी ऐकलं होतं का ते हसणं? नाही ना! इथेच तर सगळं — अहो, रेकॉर्ड बाळगणाऱ्यांची सवय, तुम्हालाही असेल: शेवटचा सूर संपला की सुई उचलायची, पुढच्या रिकाम्या रेघांत घासू द्यायची नाही. कान चांगले होते तोवर मी कायम उचलली. आणि ती तर पलीकडे स्वयंपाकघरात होती, खरीखुरी हसत होती, मग रेकॉर्डवरची कशाला — मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मी सुई उचलत नाही. गाणं संपतं, खरखर होते, आणि मग — अगदी एवढंसं, दाराआड कुणी हसावं तसं. येतं. मला ऐकू येतं.

कल्याणीला येत नाही. तिचा नवरा तेजस आयटीतला, त्याने दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर घेतल्या, रेषा काढून दाखवल्या. म्हणाला, बाबा, पाण्याच्या गाण्यानंतर एक उंचवटा आहे, पण मला तो स्क्रॅच वाटतो. वाटतो! उंचवटा हसतो की नाही हे रेषेवरून कसं कळणार? कानांचे डॉक्टर म्हणाले, कानावर काही पडेनासं झालं की मेंदू आपल्या पदरचं भरतो, वेड नाही हे, घाबरू नका. घाबरू नका म्हणायला काय जातं! दुसरा आवाज नाही हो तिचा कुठे. मोबाईल समोर धरला की गप्प व्हायची. फोटो पुष्कळ आहेत — फोटोत गंभीर. एवढंच एक हसणं. तेही माझ्याच डोक्यातलं निघालं, तर मग — कारण प्लेअर बंद असतानाही एकदोनदा — नाही, ते सोडा. तसं म्हणालो नाही मी. कल्याणीला सांगू नका. वाजतानाच येतं. वाजतानाच.

तर आता तुमचे कान. तिशीतले, रोज रेकॉर्ड ऐकणारे. तुम्ही ना नातेवाईक, ना शेजारी. मी तुमच्याकडे पाठ करून प्लेअरपाशी उभा राहतो. गाणं लावतच नाही. ते संपल्यानंतरच्या रेघांवर सुई ठेवतो. डोळे मिटा. लगेच बोलायचं नाही. नीट ऐका हो, कृपा करून. ठेवतोय... ठेवली.

उचलली. हं? — तोंड इकडे करा, ओठ दिसू देत. — आलं? खरंच आलं? बाईचंच? हळू, पण स्पष्ट. बरं. आणि — काय म्हणालात? गोड? गोड हसणं आहे?

थांबा. मला जरा टेकू दे.

शुभंकर, ती पहिली बाजू होती. या इकडे, वाचा ना, लेबल वरच आहे. घोड्याचं गाणं. त्यानंतर कुणी हसलेलं नाही. तेजसच्या कॉम्प्युटरवर तिथे साधा उंचवटासुद्धा नाही. जन्मभर मुलांना हेच शिकवत आलो — चाचणी घेताना आधी जिथे काही नाही ते द्यायचं, मग जिथे आहे ते. तुम्ही ‘काहीच नाही’ म्हणाला असतात की लगेच उलटी करणार होतो. आणि तिथे ‘हो’ म्हणाला असतात, तर संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं तुम्हाला, कल्याणीसमोर उभं केलं असतं.

नाही हो, तुम्ही कसले खोटारडे. भले गृहस्थ आहात. म्हातारा असा तोंडाकडे बघत उभा, त्याला नाही कसं म्हणायचं — तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. मीच मूर्ख, काय ऐकायचं ते आधीच सांगून बसलो. पहिल्या वर्षाच्या पोराने केलं असतं तर मार्क कापले असते. पण आता दुसरी बाजू लावून तुम्ही हो म्हणालात, तरी त्याचं मी काय करू? आणि — काय? आता खरं सांगाल? शपथेवर? — अहो, काय करताय? राहू दे ती. उलटू नका. उलटू नका म्हणतो ना! ठेवा खाली!

ठेवा. अशीच. आत्ता निदान शंका तरी आहे.

दोन्ही खोकी घेऊन जा. सगळी न्या, भाव तुमच्या मनाला येईल तो लावा, कल्याणीला कळवा. ही इथेच राहील. नाही, पाणीबिणी काही नको. मला काही झालेलं नाही. निघा तुम्ही. जाताना दार ओढून घ्या — जोरात ओढा, लागलं की नाही ते मला इथून कळत नाही.