तेलगावचा पत्ता

बीडच्या बसस्थानकामागच्या लॉजवर वर्षाराणी खोलीसाठी थांबली होती. औषध कंपनीच्या कामानं महिन्यातून दोनदा इथं मुक्काम ठरलेला. संध्याकाळची वेळ. काउंटरवर तिच्या पुढं लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक माणूस उभा होता. त्याचं आधार कार्ड मॅनेजरच्या हातात होतं.

"आधार तेलगावचं हाय, साहेब. जिल्ह्यातल्या माणसाला आमी रूम देत न्हाई."

"मी पुण्याहून आलोय. हे कंपनीचं ओळखपत्र आहे ना."

"पर घर तासाभरावर असताना लॉज कावून?"

"घराला कुलूप आहे."

"चावी?"

"ही काय, खिशातच."

"मग तर राजे हाव की तुमी! जा, कुलूप काढा अन् पाय पसरून झोपा."

"आई होती तवर जात होतो. आता दोन वर्सं झाली, न्हाई गेलो."

"पुण्यात किती दिवस झाले?"

"चौदा वर्सं."

"चौदा वर्सात पत्ता बदलला न्हाई व्हय?"

"बायको रोज तेच म्हणती."

"बरोबरच म्हणती. आणा ते ओळखपत्र, मालकाला सांगतो मी. रजिस्टर भरू. कुठून आले?"

"पुणे."

"कुठं जाणार?"

त्याचा हात खिशातल्या चावीकडं गेला.

"पुणेच लिवू का?"

"तेलगाव लिवा."

"जाणार हाव खरंच?"

"लिवा तर."

"लिवलं. सकाळी सहाला परळीची गाडी हाय, तेलगाववरूनच जाती. उठवू का?"

"नका. मी जागाच असंन."