पहिल्या चार रिंगा बाबांच्या

जबाब

नाव: हरवल्याच्या तक्रारीवर लिहिले आहे तेच; कामाच्या ठिकाणी मला सगळे वहिनी म्हणतात. वय ४३ वर्षे. धंदा: घरच्याच लिफ्ट दुरुस्ती कंपनीत फोन आणि ऑफिस सांभाळणे. राहणार: ऑफिसच्या वरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे सासरे, वय ७९ वर्षे, घरातून निघून गेल्याची तक्रार मी आज सकाळी याच टेबलावर दिली होती. ते सुखरूप सापडले आहेत. आत्ता ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पीत आहेत आणि चहात साखर कमी असल्याचे त्यांनी हवालदारसाहेबांना दोनदा ऐकवले आहे. तक्रार बंद करण्यासाठी हा जबाब देत आहे.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. कंपनी त्यांनीच उभी केली. अलीकडे त्यांना विसर पडतो. जेवलो की नाही ते आठवत नाही, मधूनच माझ्या यजमानांना ते आपला धाकटा भाऊ समजतात. पण कंपनीचा फोन वाजला की ताठ बसतात. त्यांचा जन्माचा नियम असा, की कामाच्या वेळी घरचा फोन घ्यायचा नाही आणि गिऱ्हाइकाचा सोडायचा नाही. या नियमावरून सासूबाई त्यांना आयुष्यभर बोलत राहिल्या. त्या असत्या तर आज त्यांनी सगळे शब्द मागे घेतले असते.

आमच्या ऑफिसचे फोन आता इंटरनेटवर चालतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने फोन करावा आणि आमचे इंटरनेट गेले म्हणून तो वाजूच नये, हे बरे नाही. म्हणून मी अशी सोय करून ठेवली आहे, की ऑफिसचे इंटरनेट गेले की कंपनीच्या नंबरवर येणारा प्रत्येक फोन आपोआप मोबाइलवर वळतो. आधी चार रिंगा बाबांच्या मोबाइलवर, त्यांनी नाही घेतला तर मेकॅनिकच्या. मोबाइलवर त्या वेळी कंपनीचे नाव दिसते, म्हणजे कामाचा फोन आहे हे कळते. पहिला नंबर बाबांचा ठेवायला यजमानांचा विरोध होता. "अगं, त्यांना आता झेपतं का?" मी म्हटले, "चार रिंगांनी कुणाचं काय बिघडतंय? मी असते ना शेजारी, निरोप पुढे देते. त्यांना तेवढंच बरं वाटतं."

आज सकाळी मी बाबांना बाल्कनीत बसवून आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा दार सताड उघडे, चपला गायब आणि खुंटीवरची त्यांची हत्यारांची पिशवीही नाही. मोबाइल त्यांच्या खिशात होता. मी सारखा लावत राहिले. वाजत होता, पण ते घेत नव्हते. यजमान स्कूटरवरून एकीकडे गेले, मी पायी दुसरीकडे. रस्ता ओलांडताना बाबा गाड्या बघत नाहीत. गाड्यांनी आपल्याला बघावे असे त्यांचे मत आहे. त्यामुळे जिथे जिथे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला तिथे तिथे मी धावले. शेवटी इथे आले. मोबाइल कुठे आहे ते साहेबांनी शोधायला सांगितले, पण वेळ लागेल असेही सांगितले.

मी बाहेरच्या बाकावर बसले असताना मेकॅनिकचा फोन आला. "वहिनी, बाबांचं काही कळलं?" मी नाही म्हटले. "बरं, आणखी एक. सकाळपासून ऑफिसचं इंटरनेट गेलंय. रस्ता खणताना केबल तुटली. पण माझ्या मोबाइलवर एकसुद्धा फोन नाही हो, सोमवार असून!" मी म्हणाले, मरू देत फोन. आणि मग एकदम लख्ख उजेड पडला. सोमवारी सकाळी आमच्याकडे फोनची रीघ असते. ते मेकॅनिकपर्यंत पोहोचत नव्हते, म्हणजे त्याच्या आधीच कुणीतरी उचलत होते. मी ओरडतच उठले. हवालदारसाहेबांना वाटले मला भोवळ आली. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो माझ्या हाताने सांडला.

मी मेकॅनिकला सांगितले, "इंटरनेट चालू होऊ द्यायचं नाही."

"अहो, माणूस खांबावर चढलाय, पाच मिनिटांत येतंय."

"चढू दे. तू राउटरची वायर काढ आणि हातात धरून बस."

"हातात?"

"हातात."

इंटरनेट आले असते तर फोन पुन्हा ऑफिसातच वाजू लागले असते आणि बाबांचा धागा तुटला असता. एरवी मी त्या इंटरनेटवाल्यांशी कडाकडा भांडते. आज ते येऊ नये म्हणून माझे प्राण कंठाशी आले होते.

मी माझ्या मोबाइलवरून आमच्याच कंपनीचा नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला आवाज आला, "नमस्कार, लिफ्ट दुरुस्ती. बोला, कुठे अडकलात?" तो आवाज ऐकून मला रडू फुटले. मी बोलून गेले, "बाबा, अहो मी बोलतेय, कुठे आहात तुम्ही?" ते म्हणाले, "कामाच्या वेळी घरचे फोन नकोत," आणि ठेवून दिला.

मी डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा लावला तो गिऱ्हाईक होऊन. फोन स्पीकरवर टाकला. "अहो, आमची लिफ्ट अडकलीये. कधी येताय?"

"निघालोच आहे. घाबरू नका. दार ओढू नका."

"पण आहात कुठे तुम्ही?"

मग हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू का? रस्ता ओळखीचा वाटेना. कुणाला बोलू नका हं, गिऱ्हाइकात बरं दिसत नाही." मी म्हटले, नाही बोलणार. अख्खे पोलीस ठाणे टेबलाभोवती उभे राहून ऐकत होते. कुणी हसले नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे.

अडकलेल्या माणसाला बाबा हटकून विचारायचे तो प्रश्न मी विचारला. "समोर काय दिसतंय?"

"टायरचं दुकान. वरती दातांचा दवाखाना. बाजूला निळी टाकी आहे पाण्याची."

"कळलं," म्हणून हवालदारसाहेब टोपी घेऊन जीपकडे पळालेसुद्धा. मी विचारले, "बसलाय की उभे आहात?"

"बसलोय पायरीवर. पण निघतो आता. तुम्ही अडकलाय ना."

फोनमध्ये गाड्यांचा केवढा तरी आवाज होता. लग्न होऊन आल्यापासून जे ऐकत आले तेच माझ्या तोंडून निघाले. "जागेवरून हलू नका. आमचा माणूस निघालाय. तो येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही."

ते म्हणाले, "हे तर आमचं वाक्य आहे."

"हो. तुमच्याच कंपनीतून बोलतेय मी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि बसून राहिले.

जीप पोहोचेपर्यंत मी काय काय बोलत होते ते आठवत नाही. फोनमध्ये हवालदारसाहेबांचा आवाज आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी त्यांना पहिले विचारले, "मेकॅनिक का? मग तुमची हत्यारं कुठायत?" बाबांना खरचटलेलेसुद्धा नाही. दरम्यान त्यांनी ज्या गिऱ्हाइकांना "निघालोच" म्हणून सांगितले होते, त्या सगळ्यांकडे मेकॅनिक आता जात आहे. राउटरची वायर मी सांगेपर्यंत त्याच्या हातातच होती. यजमान इथे आले, बाबांच्या पायाशी खालीच बसले आणि मला म्हणाले, "पहिला नंबर बदलू नकोस." माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. पोलिसांची मी ऋणी आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तेव्हा बाबांनीही तो शेवटपर्यंत ऐकला. ऐकून झाल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "ती बाई सुटली का गं शेवटी?" मी म्हटले, "सुटली, बाबा." हेही यात घ्यावे अशी माझी विनंती आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून तो बरोबर आहे.