चावी चालू राहू द्या, नाना

— नाही नाही, हात लावू नका, तसंच राहू द्या! तुम्हाला नाही हो ओरडले, नाना, या वायरला ओरडले. तुम्ही बसा. जसे बसलात तसेच, ड्रायव्हरच्या सीटवर. चावी चालू राहू द्या, इंजिन मात्र लावू नका — एवढंच काम आहे तुमचं. बॉनेट वर आहे म्हणून मला इकडून तुम्ही दिसत नाही, पण ऐकू येतंय ना? हं म्हणा, नाहीतर नका म्हणू. आल्यापासून तुम्ही एकच वाक्य बोललात, 'मिस्तरी कुठे आहे?' आणि मी म्हटलं, धुळ्याला गेलेत, पार्ट आणायला. त्यानंतर तुम्ही जे गप्प झालात ते झालातच. बरोबरच आहे तुमचं. पाटीवर 'रुपचंद ऑटो' लिहिलंय आणि समोर उभी कोण, तर कडेवर पोर घेतलेली बाई. मी तुमच्या जागी असते तर तशीच पुढे निघून गेले असते. पण तुमच्या गाडीला पुढे जायचंच नव्हतं, काय करता!

मघाचं दुसऱ्यांदा सुरू केलंय, नाना. आता श्वास धरून बसायचं. तुम्हाला वाटत असेल, हा काळा डबा आहे तरी काय — टेलिफोनच्या रिसिव्हरएवढा जीव, त्याला दोन ओळींची हिरवी पाटी, आणि याच्यापायी एक बाई घामाघूम! तर असं आहे, तुमच्या मुलानं घेतलेली ही गाडी नव्या जातीची. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं आतला कम्प्युटर ठरवतो. तो बिघडला की नुसता दिवा लावून बसतो, काय दुखतंय ते सांगत नाही. हा डबा त्याला विचारतो आणि त्याचं ऐकून इंजिन जुळवून देतो. पण तुमचं मॉडेल याच्या ओळखीचं नाही, ते नंतर आलं. अशा गाड्यांसाठी पुण्याहून नवी फ्लॉपी आधीच मागवून ठेवली होती. फ्लॉपीतलं या टेबलावरच्या कम्प्युटरमध्ये, कम्प्युटरमधून या वायरनं डब्यात. डबा आधी जुनं सगळं पुसतो, मग नवं लिहायला घेतो. मधल्या वेळात तो लग्न लागलेल्या पण पाठवणी न झालेल्या पोरीसारखा — ना माहेरची, ना सासरची. तेव्हा त्याला कुणी हलवायचं नाही. आणि याला स्वतःचं पोट नाही. ज्या गाडीला लावावं तिच्याच बॅटरीवर जगतो. म्हणून म्हटलं, चावी चालू राहू द्या.

मघाशी कसं छान चाललं होतं! त्या पाटीवर बारीक बारीक काळे ठोकळे उमटत जातात, विटा रचल्यासारखे. अर्ध्याच्या पुढे भिंत गेली होती. तुम्ही तंबाखू थुंकायला त्या लिंबाखाली गेलात, मी म्हटलं, आता काय, होतंच आलं — आणि पाटी गेली. काळी. दिवा विझावा तशी. अपशकुन वगैरे मी मानत नाही हं, पण तेव्हा आधी देवाला हात जोडले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावले, तुम्ही बघितलंतच, पोराला काखोटीला मारून. पुण्याचा इंजिनिअर काय म्हणतो, 'एकदा तुटलं तर मशीन स्वतःला सावरतं मॅडम, दुसऱ्यांदा तुटलं तर मेलं म्हणून समजा. तुमच्या साहेबांना फोन द्या.' साहेबांना! म्हटलं, साहेब बाहेर गेलेत, मलाच सांगा. मग त्यानं असं सावकाश सांगितलं, जसं मी बालवाडीत आहे. वायर तपासा. बॅटरी तपासा. चावी चालू आहे ना बघा. म्हटलं, चावी चालूच आहे, स्वतः मालक गाडीत बसलेत.

तर सगळं तपासलं. वायरची एक पिन ढिली आहे, म्हणून हा अंगठा असा दाबून धरलाय, बघा — दिसत नाही तुम्हाला, असो. बॅटरीला मीटर लावलं, ठणठणीत आहे. तुम्हाला पंखा आणि टेप बंद करायला सांगितलं. फ्लॉपीची दुसरी कॉपी घेतली. पाठवायचा वेग कमी केला, म्हणून तर हे आता गोगलगायीसारखं चाललंय. लाईट गेली तर कम्प्युटरपुरता यूपीएस आहे, तो मधून मधून कण्हतो, पण टिकेल. मग मघाशी तुटलं कशानं? सगळं ठीक आहे म्हटल्यावर काय उरतं? मी उरते. माझंच काहीतरी चुकलं असणार. चुकतंच माझं. बी.एस्सी. झालेय मी शिरपूरहून, पहिला वर्ग, पण घरी साधं वरण उतू गेलं तरी मला वाटतं, डिग्री परत करावी.

आमच्या सासूबाई परवा म्हणाल्या — त्या पारोळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात — 'हाऊ डबा बोलस ना तुनासंगे? मंग त्यालेच मांडीवर लिसन बस.' डबा बोलतो ना तुझ्याशी, मग त्यालाच मांडीवर घेऊन बस म्हणे! त्या वाईट नाहीत हो. त्यांना पुढच्या वर्षी जगातले सगळे कम्प्युटर बंद पडणार हे कुणीतरी सांगितलंय, आणि ते ऐकल्यापासून त्या खूश आहेत.

ठोकळे उमटतायत, नाना. सावकाश, पण उमटतायत.

तुमच्या घरची मंडळी मला सगळं सांगून जीपनं पुढे गेली ते बरं झालं. नातीच्या साखरपुड्याला आजोबा उशिरा पोहोचले तर चालतं, साडी-साखरेची टोपली वेळेवर पोहोचायला हवी. नवरदेव धुळ्याचाच का? हं... चावीला गोंडा छान आहे, लाल. नातीनं केला असेल लोकरीचा. मघाशी बघितला मी. आमच्या बाबांच्या ट्रॅक्टरच्या चावीला असाच सुतळीचा तुकडा असायचा. बाबा ट्रॅक्टरवरून उतरले की चावी खिशात! चावी राहिली की बॅटरी उतरते, आणि पोरं बसून गिअर हलवतात. जेवायला बसले तरी खिशात, देवळात गेले तरी खिशात. त्यांचे सदरे धुताना आई आधी चावी शोधायची. तुमच्या केळीच्या मळ्यातही तसंच असणार. सावद्याकडचे सगळे ट्रॅक्टरवाले एकाच शाळेतले!

आमचे हे — नाव नाही घेत, पाटीवर वाचलंय तुम्ही — आमच्या ह्यांना डब्याबिब्याची गरजच पडत नव्हती. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. 'तिसऱ्याचा व्हॉल्व्ह वाजतोय.' उघडून बघावं तर तिसऱ्याचाच! भुसावळपासून लोक यायचे तो कान लावून घ्यायला. मग या नव्या गाड्या आल्या. पहिलीच आली, ह्यांनी कान लावला आणि कितीतरी वेळ तसेच उभे. मग स्क्रू-ड्रायव्हर पुसून ठेवला, म्हणाले, 'ही काही बोलतच नाही गं.' असं म्हणाले, जसं कुणी जवळचं माणूस ओळख देईना झालंय. डबा माझ्या हट्टानं आला. पुस्तक इंग्रजीत, म्हणून वाचते मी, बटणं मी दाबते. गिऱ्हाईक समोर असलं की डबा ह्यांच्या हातात द्यायचा आणि मी मागून हळूच सांगायचं. ते — हे सांगायला नको होतं मी तुम्हाला. कुठे बोलू नका. तुम्ही काय बोलणार म्हणा!

आता बघा, सुरत पॅसेंजर येईपर्यंत काम पूर्ण झालं की आमचे हे फाटकातून आत येतील आणि तुमचं इंजिन नुसतं गुणगुणत असेल, कान न लावता कळेल ह्यांना, की —

...हं. पकडलंत. धुळ्याहून येणारा माणूस सुरत पॅसेंजरनं कसा येईल?

बरं, नाही गेले ते धुळ्याला. सुरतेला गेलेत. ह्यांचा चुलतभाऊ आहे तिथे, भिकन, कापडाच्या गिरणीत. मशिनींच्या देखभालीला माणूस हवाय म्हणाला, म्हणून बोलणी करायला गेलेत. पक्कं झालं तर गॅरेजला कुलूप, हे सुरतेला एका खोलीत चौघांत, आणि मी पोराला घेऊन पारोळ्याकडे, चुलीपुढे. जाताना म्हणाले, 'त्या डब्यानं एक तरी नवी गाडी बरी करून दाखव, मग बघू.' हसून म्हणाले. पण पिशवीत कपडे जरा जास्त भरले होते, नाना. बघायला जाणारा माणूस इतके कपडे नेतो का? मी घडी करून दिले आणि विचारलं नाही.

तर तुमची गाडी ती. एक तरी नवी गाडी. तुम्ही फाटकात धापा टाकत आलात ना, तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठवलं तुम्हाला. ह्यांची वाट न बघता लगेच सुरू केलं, ते याचसाठी.

अर्ध्याच्या पुढे गेलं. मघाशी इथेच तुटलं होतं. नाही तुटलं! बघा — पुढचा ठोकळा — आणि हा पुढचा! नाना, भिंत चढतेय!

अगं बाई. झोळीतला उठला.

नाही रे बाळा, नाही नाही, ही बघ आई इथे आहे. ऊन लागतंय त्याला, अंगभर घामोळं आलंय. झोळीची दोरी पायाला बांधली होती मी, ती सुटली मेली. पाय पोहोचत नाही. अंगठा काढला तर वायर सुटेल आणि सगळंच — रडू नको रे निंबा. आजोबांचं नाव ठेवलंय त्याचं, मी मनातल्या मनात दुसरंच म्हणते. नाना, बाहेर डोकं काढतोय तो, पडेल! नाना, तुम्ही — एवढं कराल का? जरा उतरता? चार झोके द्या फक्त. हळू. दार आपटू नका, गाडी हलेल. हां. हां, तीच दोरी. अहो, पागोट्याला घाबरणार नाही तो, धीट आहे.

...बघा कसा टकामका बघतोय. ओळख नसलेल्या माणसाकडे इतका शांत कधीच राहत नाही. हात आहे तुमचा, नाना. किती नातवंडं जोजवली असतील तुम्ही. तसंच, तसंच हळू. डोळे मिटायला लागले बघा. मला वाटलं होतं, दुपार फुकट जाणार, गाडी नाही, डबा नाही, काहीच धड नाही. आणि हा तुमच्या दोन झोक्यांत गप्प. हे आले की सांगते, आज गिऱ्हाईकानं पोर सांभाळलं. हसतील. पुष्कळ दिवसांत हसले नाहीत मनापासून. आता एवढे दोन-चार ठोकळे —

पाटी.

पाटी गेली.

नाही. वायर दाबलेली आहे, हा बघा अंगठा. यूपीएस चालू आहे. कम्प्युटर म्हणतोय, समोरून उत्तर नाही. बॅटरी आत्ता बघितली होती मी, ठणठणीत होती, मग समोरून उत्तर का —

नाना, तुमच्या सदऱ्याच्या खिशातून ते लाल काय लोंबतंय?

...मघाशी लिंबाखाली गेलात, तेव्हाही?

हो. बाबाही तसेच उतरले असते. चालू राहू द्या म्हणाले मी. उतरताना काढू नका, असं कुठे म्हणाले? आणि उतरा तरी कोण म्हणालं? मीच.

— नाही, दोरी सोडू नका. चावी राहू द्या खिशात, आता काय करायचीय घाई! हलवत राहा. ती शिट्टी झाली का? पॅसेंजरचीच आहे. स्टेशनपासून चालत यायला ह्यांना फार वेळ नाही लागत.

काय म्हणताय? नाही — आता नका बोलू, नाना. झोपलाय तो.