रोह्याला नेलेला जिताडा

हसू नका, पण जिताडा मासा नवरदेवासारखा माझ्या टेंपोत बसवून मी रोह्याला नेलाय. वडखळच्या हिरामणच्या तळ्यात रोग शिरला होता. बोटाएवढे सोडलेले जिताडे आता हातभर झालेले, आणि अंगावर लाल फोड येऊन रोज उलटे तरंगायचे. एक जिवंत मासा ड्रममध्ये घालून आम्ही निघालो.

"हिरामण, वऱ्हाड कुठाय रे?" मी वाटभर चिडवत होतो. तो ड्रमात हात घालून पाणी हलवत होता.

रोह्यात माशांचे डॉक्टर म्हणाले, "जिवाणूंचा रोग दिसतोय. कुठला, ते मासा कापल्याशिवाय कळायचं नाही. कळलं की औषध देतो, बाकीचे वाचतील."

हिरामणनं ड्रमावर झाकण ठेवलं.

"बाकीचे नाय उरले, साहेब. हा एकच हाय. औषध कुणाला घालू?"