बांधाच्या अल्याड

(केज तालुक्यातलं एक गाव. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचा जून, सकाळी नऊचा सुमार. भीमनगरातल्या घराच्या ओट्यावर शहादेव आणि त्याची सून पंचशीला. ती गावची आशा कार्यकर्ती.)

पंचशीला: मामा, चप्पल काढा आधी. न्हाई जायचं म्हणलं ना एकदा.

शहादेव: चप्पल घातली म्हंजी निघालोच असं कुठं हाय? पाय घालून बसलोय नुसता.

पंचशीला: धुतलेलं धोतर, कोरा रुमाल, अन् वरून चप्पल. मला येडी समजता का?

शहादेव: रामकिसन मेलाय, पंचशीला. पहाटं छातीत कळ आली अन् गेला. अकराला माती हाय त्याची. अन् मी हितं ओट्यावर माशा मारत बसू?

पंचशीला: बसायचं. आदेशच हाय तसा. आपला जिल्हा तिसऱ्या स्तरात हाय. मातीला वीस माणसं. एकविसावं दिसलं का सरपंचाला बी फोन येतो अन् मला बी.

शहादेव: ह्यो तिसरा स्तर का काय, ते ठरवतं कोण?

पंचशीला: शंभर तपासले तर किती निघाले, ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या, त्याच्यावरनं ठरतं. दर हप्त्याला. पहिल्या स्तरात सगळं उघडं, पाचव्यात सगळं बंद. आपण मधी.

शहादेव: मधीच. अन् लगनाला किती चालतेत?

पंचशीला: पन्नास.

शहादेव: बघ. लगनाला पन्नास, मातीला वीस. मेलेल्या माणसाला गणगोत कमी असतंय का?

पंचशीला: ते मी न्हाई लिव्हलं.

शहादेव: तू न्हाई लिव्हलं, पण यादी तर लागली ना पंचायतीच्या भिंतीला? सात वाजता जाऊन वाचून आलो. सातवी पास हाय मी. चष्मा लावून वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. वीस नावं. पावणे हायेत, भावकी हाय. सोसायटीचा चेअरमन बी हाय. चेअरमन अन् रामकिसन दहा वर्सं एकमेकांला बोलत नव्हते, पण त्यो हाय. शहादेव न्हाई.

पंचशीला: चहा ठेवू का, मामा?

शहादेव: चहा नको. मला एवढं सांग, त्रिंबकला बापाची यादी करताना माझं नाव कसं आठवलं न्हाई? त्याच्या बापाची अन् माझी सावड कवापसून हाय, ठाऊक हाय ना तुला?

पंचशीला: ठाऊक हाय. लई डाव ऐकलंय.

शहादेव: अजून एक डाव ऐक. त्यांच्या वाटण्या झाल्या तवा रामकिसनच्या वाट्याला एकच बैल आला. माझ्याकडं बी एकच. एका बैलावर नांगर कुठं चालतो? त्याच्या सख्ख्या भावांनी त्याला बैल दिला न्हाई. मग त्यो आला हितं, भीमनगरात, दिवसाढवळ्या. ह्याच ओट्यावर बसला अन् म्हणला, तुझा एक, माझा एक, जोडी करू. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. त्याची भावकी त्याला महिनाभर बोलली न्हाई. पण तीस वर्सं आमी तसंच जुपलं. ट्रॅक्टर घेतलं तरी त्यानं बैल इकला न्हाई. का, तर शहादेवची जोडी मोडंल.

पंचशीला: मग त्यांच्या घरचे असं करतील का? दुसरं काय तरी असंल, मामा.

शहादेव: दुसरं काय असणार? सावड रानात चालते. कागदावर वीसच जागा असल्या का मग माणसाला वस्ती आठवते. राग न्हाई मला. वाईट वाटतंय. त्रिंबकला खांद्यावर बसवून फिरवलाय मी. त्याचा बाप चार लोकांत मला मोठ्यानं जयभीम घालायचा. अन् त्याच्या मातीला त्याच्या पोरानं मला भीमनगरचा केला.

पंचशीला: तसं म्हणू नका.

शहादेव: का नको म्हणू?

पंचशीला: तुमचं वय चौऱ्याहत्तर. लस घेतली न्हाई. चार डाव न्यायला आले, चारी डाव रानात पळून गेलात. तुमी त्या गर्दीत नसलेलंच बरं.

शहादेव: सिंधू गेल्यापसून मला दवाखान्याचं दार बघवत न्हाई.

पंचशीला: मला बघवतं का?

शहादेव: एप्रिलात तिला गाडीत घातली. बसताना मला म्हणली, कोंबड्या झाका, कुत्रं येतंय. तेच शेवटचं बोलली. आठ दिवसांनी फोन आला. त्यांनीच नेली अन् त्यांनीच जाळली. माझ्या बायकोचं तोंड मी पाह्यलं न्हाई, पंचशीला. मूठभर माती दिली न्हाई. म्हणून म्हणतो, ह्या एकाला तरी पोचवू दे.

त्रिंबक: काका, जरा बोलायचं होतं.

पंचशीला: त्रिंबकभाऊ! तुमी कशाला आलात? बाप घरात ठेवून...

त्रिंबक: आईनं धाडलं. म्हणली, बाकीच्यांना फोन कर, शहादेवकडं स्वता जा. मी खालीच थांबतो. लांबूनच बोलतो.

शहादेव: काय सांगायला आलास? नाव न्हाई म्हणून? ते वाचलं मी.

त्रिंबक: काका...

शहादेव: तुझा बाप गेलाय, आजच्या दिवशी मी बोलायला नको. पण बोलणार. चेअरमन बसला तुझ्या विसात अन् मी न्हाई बसलो व्हय रे?

त्रिंबक: चुकलं.

शहादेव: नुसतं चुकलं?

त्रिंबक: गडबडीत झालं, काका. पहाटंपसून डोकं ठिकाणावर न्हाई.

शहादेव: कोण म्हणलं काढा त्याला? चुलते म्हणले का? भावकीत कुणाला खुपलं?

त्रिंबक: कुणी न्हाई म्हणलं. माझंच चुकलं. पाया पडतो तुमच्या.

शहादेव: पाया पडू नको. बाप असता तर त्यानं तुला उभं केलं नसतं आज.

पंचशीला: बास करा, त्रिंबकभाऊ. मामा, त्यांना बोलू नका. नाव मी खोडलं.

शहादेव: काय?

पंचशीला: सहा वाजता यादी माझ्याकडं आली. प्रत्येकाचा ताप बघायचा, बोटाला मशीन लावायची, म्हणून आधी माझ्याकडं येते. तुमचं नाव पाचवं होतं. चार खांदेकरी अन् लगेच तुमी. मी पेनानं रेघ मारली. रिकामी जागा दिसली म्हणून ग्रामसेवकानं चेअरमनला घातलं.

त्रिंबक: वहिनी, कशाला सांगितलंत?

शहादेव: तुला माहीत होतं?

त्रिंबक: मी फोन केलता, नाव का काढलं म्हणून. वहिनी रडायला लागल्या. मग म्हणलं, जाऊ दे. माझ्यावर येऊ दे.

शहादेव: अन् मी मघापसून ह्याची जात काढतोय, वस्ती काढतोय. तू ऐकत बसलीस, पंचशीला?

पंचशीला: ऐकत बसले. तोंडच उघडंना माझं.

शहादेव: कावून पण? कावून खोडलंस?

पंचशीला: कावून म्हणजी? एप्रिलात दोनशे घरं फिरत होते मी. ह्याला गोळ्या दे, त्याला बोटाला मशीन लाव. तोच पदर घेऊन घरात यायची अन् चुलीपुढं बसायची. आपल्या गल्लीत पयला ताप आत्याबाईंना आला. घरात कुणी आणला? तुमी एका शब्दानं बोलला न्हाईत, पण मला कळत न्हाई का? आज त्या विसात पुण्याहून आलेले पावणे हायेत. दहा दिवसांनी पुन्हा तीच गाडी दारात आली तर मी काय करू? विसाचा नियम सरकारचा हाय, मामा. तुमचं नाव खोडायचा नियम माझा.

शहादेव: येडी हाईस तू.

पंचशीला: असंल.

शहादेव: तुझी सासू त्याच हप्त्यात केजला गेलती. नातीला, आपल्या संस्कृतीला, बांगड्या आणायच्या म्हणून हट्टच धरला. जीपमदी माणसावर माणूस बसलेलं. मीच बसवून दिली. म्हणलं, जा, एका दिवसानं काय होतंय.

पंचशीला: मला कुणी बोललं न्हाई हे.

शहादेव: मी कुठं तोंड उघडलं? दोन महिने झाले. तू तुझा पदर धुतेस दिसातून तीनदा, मी बघतो. तरी बोललो न्हाई. कुणी आणला ते कुणालाच ठाऊक न्हाई, पोरी. तुला बी न्हाई अन् मला बी न्हाई.

त्रिंबक: काका, मी मेव्हण्याचं नाव काढतो. तुमी चला.

पंचशीला: जा, मामा. मी न्हाई आडवत आता.

शहादेव: थांबा दोघंबी. मेव्हण्याला काढलं तर तुझी बायको वर्सभर तुला धड जेवू घालायची न्हाई. माती कुठं देताय?

त्रिंबक: रानातच. वरच्या पट्टीत, लिंबाखाली. बापूंनी सांगून ठेवलं होतं.

शहादेव: लिंबाखाली. म्हंजी माझ्या बांधापसून किती?

त्रिंबक: चाळीस पावलं असतील.

शहादेव: सिंधू गेली तवा मला चौदा दिवस रानातल्या कोपीत ठेवलं. पंचशीला, तू बी तापानं पडलेली. भाकर कोण आणायचं मला?

पंचशीला: रामकिसन बापू. बांधावर ठेवायचे.

शहादेव: ठेवायचा, पण जायचा न्हाई. बांधाच्या पल्याड बसायचा, मी जेवून होईस्तवर. मी रडायलो तर तोंड फिरवायचा, पण उठायचा न्हाई. एक दिवस पोलीस पाटील त्याला म्हणला, हितं बसू नका. तर ह्यो म्हणतो, मी माझ्या रानात बसलोय, त्यो त्याच्या रानात. कोणाच्या बापाचं काय जातंय?

त्रिंबक: मला म्हणायचे, बैलाला बघून येतो.

शहादेव: लबाड होता. पंचशीला, मी माझ्या रानात, माझ्या बांधाच्या अल्याड उभा राह्यलो, तर कोणत्या स्तरात मोजशील मला?

पंचशीला: कोणत्याच न्हाई.

शहादेव: मग यादी ऱ्हाऊ द्या तशीच. त्रिंबक, तू जा. घरी खोळंबले असतील. अन् मघाशी बोललो ते...

त्रिंबक: ते बापूंच्या वाटचं होतं, काका. ते गेलेत, आता तुमीच बोलायचं.

शहादेव: एक काम कर. तुमचा बैल बांधाजवळ आणून बांध. मी माझा आणतो ह्या अंगाला. जोडी उभी दिसू दे त्याला.

त्रिंबक: आणतो.

पंचशीला: गेले त्रिंबकभाऊ. मामा, मास्क घ्या. नाकावर घ्या, हनवटीवर नको. अन् छत्री घ्या, ऊन हाय.

शहादेव: मातीला छत्री घेऊन कोण जातं?

पंचशीला: तुमी मातीला कुठं चाललात? तुमी तुमच्या रानात चाललात.

शहादेव: हुशार हाईस. तू कुठं उभी राहणार?

पंचशीला: त्या विसांपाशी. मोजायचं काम माझंच हाय. अधनंमधनं बघते तुमच्याकडं.

शहादेव: बघू नको. रडताना माणसाला कुणी बघू नये. सावड हाय ती आमची. आज त्याच्या रानात, उद्या माझ्या.

पंचशीला: उद्या न्हाई, मामा. उद्या वडगावला लस हाय. जीपनं न्हाई, माझ्या स्कुटीवर. पळून जायचं न्हाई.

शहादेव: न्हाई पळत. चल, उशीर व्हायला लागला.

पंचशीला: तुमी व्हा पुढं. मी कोंबड्या झाकून येते.